बाळ सांभाळायला मावशी ठेवताय? मग या क्रमाने चला

सांगली-मिरजेत बाळ सांभाळायला बाई मिळत नाही अशी ओरड कायम ऐकू येते. जरा खोलात गेलं की कळतं, बाई मिळाली होती, टिकली नाही. दीड-दोन महिन्यांत एका सकाळी निरोप येतो, 'उद्यापासून जमणार नाही', आणि तोही शेजारच्या घरी काम करणाऱ्या बाईकडून. मग घरात सगळे म्हणतात, हल्ली माणसंच तशी राहिली नाहीत. बहुतेक वेळा झालेलं एवढंच असतं की पगाराचा आकडा सोडून काहीच ठरलेलं नसतं. 'मावशी, तुम्ही आता घरच्याच' म्हणून सगळं मोघम ठेवलेलं असतं, आणि त्याचा जाच दोन्हीकडे होतो.

खाली सगळं क्रमाने दिलंय. बहुतेक घरांची गडबड या क्रमातच होते: आधी बाई लावतात, मग तिला काय सांगायचं यावर घरात वाद घालतात. कामावर परत जायच्या तारखेच्या निदान सहा आठवडे आधी पहिली पायरी सुरू करा. पहिल्या दोन मुलांसाठी कायद्याने 26 आठवड्यांची प्रसूती रजा आहे. तिच्या शेवटच्या आठवड्यात शोधायला निघालात तर पहिली भेटेल तिला हो म्हणावं लागतं.

पायरी 1 : आधी घरातल्यांचं एकमत

सासूबाई किंवा आई दिवसभर घरी असणार असतील तर मावशी खऱ्या अर्थाने त्यांच्याबरोबर काम करणार आहेत, तुमच्याबरोबर नाही. हे लक्षात न घेतल्यामुळे जेवढ्या मावशी सुटल्या असतील तेवढ्या पगारावरून सुटल्या नसतील. सून सांगते गुटी देऊ नका, आजी म्हणतात आम्ही चार पोरं गुटीवर वाढवली. मधल्या मध्ये मावशी दोघींची बोलणी खातात. तेव्हा बाई बघायच्या आधी घरात बसून तीन गोष्टी ठरवा.

बाळाचं खाणं, झोप आणि औषध यात शेवटचा शब्द आई-वडिलांचा. आजींना काही बदल हवा असेल तर त्यांनी तो तुम्हाला सांगायचा, मावशींना परस्पर नाही.

काम कुठलं आणि कुठलं नाही. बाळाची अंघोळ, भरवणं, झोपवणं, दुपटी-लंगोट धुणं, बाटल्या उकळणं, खेळणी आवरणं हे बाळाचं काम झालं. घरातली भांडी, फरशी, पाहुण्यांचा चहा, भाजी निवडणं हे वरकाम. वरकामही करून हवं असेल तर पहिल्या भेटीतच सांगा आणि त्याचे पैसे वेगळे धरा. 'बाळ झोपलंच आहे तर तेवढी मेथी निवडता का' इथूनच सुरुवात होते. बाळ झोपतं तो अर्धा-पाऊण तास हीच मावशींची विश्रांती. ती काढून घेतलीत तर दुपारी चारला दमलेल्या हातात बाळ असेल.

तिसरी गोष्ट घरोघरी टाळली जाते: आठ-नऊ तास थांबणाऱ्या बाईने जेवायचं कुठे, पाठ टेकायची कुठे, संडास-बाथरूम कुठलं वापरायचं. वेगळा कप आणि वेगळी ताटली ठेवायचा विचार घरात कुणाच्या मनात असेल तर तो याच बैठकीत मोडून काढा. ज्या हातांनी बाळाला घास भरवलेला चालतो, त्या हातांना घरातला कप चालत नाही, याचं समर्थन कोण कसं करणार? आणि जेवण ठरलं असेल तर तुम्ही खाता तेच द्या. कालची भाजी तेवढी त्यांच्या ताटात, हे त्यांच्या पहिल्याच दिवशी लक्षात येतं.

> तपासा : घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला वेगवेगळं विचारा, 'मावशींचं काम काय?' उत्तरं वेगळी आली तर पुढच्या पायरीवर जाऊ नका.

पायरी 2 : शोध आणि पहिली भेट

जाहिरातीपेक्षा तोंडी चौकशी लवकर फळते. बाळ-बाळंतिणीला अंघोळ घालणाऱ्या बाईंना विचारा, त्यांना अख्खा भाग माहीत असतो. अंगणवाडी सेविका, बचत गटातल्या बायका यांच्याकडेही शब्द टाकून ठेवा.

अंतर बघा. तुम्ही विश्रामबागेत असाल तर वानलेसवाडी किंवा कुपवाडच्या बाजूने येणारी बाई बारा महिने येऊ शकते. सांगलीवाडीच्या बाईंना रोज कृष्णेवरचा आयर्विन पूल ओलांडायचा असतो. गावाहून एसटीने किंवा वडापने (शेअर जीपने) येणार असतील तर संध्याकाळची शेवटची सोयीची गाडी कितीची, ते विचारा आणि कामाची वेळ त्यावर बसवा. तासगाव किंवा मिरज तालुक्यातल्या खेड्यातून येणाऱ्यांना सरळ विचारा, द्राक्षाच्या हंगामात शेतावर जाता का? त्या दिवसांत रोजंदारी वाढते आणि घरचंही रान असतं. आधी कळलं तर वाट काढता येते.

'अनुभव आहे का' याचं उत्तर 'हो' असंच येणार. त्याऐवजी प्रसंग विचारा: बाळ अर्धा तास रडतंय, थांबत नाही, काय करता? भरवताना ठसका लागला तर? मागचं काम का सुटलं? शेवटच्या प्रश्नाला मागच्या घराबद्दल नुसता राग आला की दोन्ही बाजूंनी बोलणं झालं, हे ऐकण्यासारखं असतं. मागच्या निदान एका घरी फोन लावा. जात, आडनावाचा इतिहास, नवरा काय करतो, दारू पितो का, या चौकशांचा बाळ सांभाळण्याशी संबंध नाही.

आल्या आल्या बाळ त्यांच्या हातात देऊ नका. नुसतं बघा: हात धुवायला पाणी मागतात का, बाळाला एकदम ओढून घेतात की आधी लांबून बोलतात.

आधारची झेरॉक्स घ्या, मूळ कार्ड लगेच परत द्या. पोलीस ठाण्यात माहिती नोंदवायची असेल तर त्यांना सांगून नोंदवा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते. तिथे तुम्ही स्वतः घेऊन जा आणि त्या दिवसाची मजुरी द्या. कॅमेरा लावणार असाल तर तो कुठे आहे ते दाखवा. चोरून लावलेला कॅमेरा आज ना उद्या कळतो, आणि त्या दिवशी चांगली बाईसुद्धा काम सोडते.

> सावध : '14 वर्षांखालील मुलाला कामाला ठेवणं गुन्हा' हे सगळ्यांना पाठ असतं. पण मावशी आजारी पडल्या आणि बदली म्हणून त्यांची बारा वर्षांची मुलगी दारात उभी राहिली की 'आजच्या दिवसापुरतं' म्हणून आत घेतात. घेऊ नका. मुलीला शाळेत पाठवा आणि तुम्ही रजा टाका.

पायरी 3 : एक पानाचा कागद

'कागद केला तर मावशींना अविश्वास वाटेल' ही भीती उलटी आहे. कागदावर तुम्हीही बांधले जाता, हे त्यांना बरोबर कळतं. करारनामा वगैरे भारी शब्द नकोत. साध्या भाषेत, दोन प्रती, वाचून दाखवून. असा चालेल:

*वेळ सकाळी 9 ते संध्याकाळी 6, रविवार सुट्टी. पगार दर महिन्याच्या 1 तारखेला. महिन्याला दोन पगारी रजा, गावची यात्रा आणि दिवाळी वेगळी. सहानंतर थांबावं लागलं तर तासाला इतके रुपये. आम्ही गावाला गेलो तर त्या दिवसांचा पगार कापला जाणार नाही. दोन रजांच्या वरच्या खाड्याचे पैसे कापले जातील. काम सोडायचं किंवा थांबवायचं असेल तर दोन्ही बाजूंनी एक महिना आधी सांगायचं.*

यातलं 'आम्ही गावाला गेलो तर' हे वाक्य कुणी घालत नाही, आणि मे महिन्यात भांडण त्यावरूनच होतं. तुम्ही पंधरा दिवस माहेरी गेलात ही त्यांची रजा नव्हे.

खाड्याचा हिशेबही आताच सांगून टाका. रविवार सुट्टी धरली तर महिन्याचे कामाचे दिवस साधारण 26. समजा पगार 10,400 ठरला, तर एका दिवसाचे 400. महिना 30 दिवसांचा धरायचा की 26 चा, हे पहिला खाडा पडल्यावर ठरवायला बसलात तर कुणीतरी दुखावणारच.

कागद करताय तर आणखी दोन कामं उरका. महाराष्ट्रात घरकाम करणाऱ्यांसाठी 2008 च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळ आहे. 18 ते 60 वयापर्यंत त्यात नोंदणी होते. मावशी तुमच्याकडे काम करतात असा दाखला त्यांना लागला तर लगेच लिहून द्या. आणि त्यांच्या बँक खात्यावर पंतप्रधान सुरक्षा विमा योजना सुरू आहे का ते विचारा. वर्षाला 20 रुपये, 2 लाखांचा अपघात विमा. रोज वडापने ये-जा करणाऱ्या माणसासाठी ते 20 रुपये तुम्ही भरा.

पायरी 4 : पहिले पंधरा दिवस

इथे सगळ्यात जास्त घाई होते. सोमवारी मावशी आल्या, मंगळवारी आई ऑफिसात, बुधवारी बाळ रडून रडून निळं-जांभळं, गुरुवारी मावशी बंद. सात-आठ महिन्यांच्या सुमारास बाळं अनोळखी माणसाला बिचकायला लागतात, म्हणून शक्य असेल तर त्याआधीच ओळख होऊ द्या.

पहिले दोन-तीन दिवस मावशींनी फक्त बघायचं. बाळ कसं झोपतं, कुठल्या रडण्याचा काय अर्थ, कुठल्या वाटीतून खातं. पुढचे तीन-चार दिवस हात त्यांचे, तुम्ही शेजारी. टोकायचं नाही, विचारलं तरच सांगायचं. मग तुम्ही दुसऱ्या खोलीत. बाळ रडलं की पळत यायचं नाही, दहा मिनिटं त्यांना समजूत घालू द्या. दुसऱ्या आठवड्यात एक तास बाहेर, मग अर्धा दिवस. या सगळ्या दिवसांचा पगार पूर्ण द्यायचा. 'अजून शिकतातच आहेत' म्हणून अर्धा देणारी घरं आहेत, त्यांना बाई टिकत नाही यात नवल नाही.

बाहेर पडताना मागच्या दाराने गुपचूप जाऊ नका. बाळाला 'आई जाते, संध्याकाळी येते' म्हणून सांगून, हात हलवून निघा. रडू दे. चोरून गेलात की बाळ दिवसभर दाराकडे बघत मावशींच्या अंगाला चिकटून राहतं आणि त्यांना पाणी प्यायलाही उठू देत नाही.

> तपासा : पंधराव्या दिवशी स्वतःला विचारा, मावशींनी तुम्हाला एकदा तरी आपणहून काही वाईट सांगितलं का? 'आज पाटावरून घसरला', 'दूध सांडलं'? काहीच नाही सांगितलं तर त्या अजून घाबरतात. मोठी चूकही मग लपवली जाईल.

पायरी 5 : बाळाचे नियम थोडेच, पण पक्के

चाळीस सूचनांची यादी फ्रिजवर चिकटवली तर एकही पाळली जात नाही. ज्यात जीवाचा धोका आहे तेवढेच नियम करा, बाकी त्यांच्यावर सोडा. माझे नियम हे:

औषध विचारल्याशिवाय नाही. तापाच्या औषधात थेंब आणि सिरप वेगळे असतात. थेंब सिरपपेक्षा कितीतरी तीव्र असतात, त्यामुळे सिरपचा चमचा भरून थेंब दिले तर मात्रा कैकपट होते. बाटल्या वेगवेगळ्या डब्यात ठेवा आणि डोस बाळाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून लिहून घ्या. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध सोडून काही नाही, गुटीही नाही, पाणीही नाही. डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढाच अपवाद. वर्ष होईपर्यंत मध चाटवायचा नाही. फुटाणे, शेंगदाणे, अख्खी द्राक्षं आणि बेदाणे लहान मुलाच्या हाताला लागता कामा नयेत. आपल्याकडे हंगामात घरोघरी पेटी येते आणि येणारा-जाणारा प्रेमाने एक द्राक्ष तोंडात घालतो. द्राक्ष द्यायचंच तर उभं चिरून चार फोडी करून. झोपवायचं उताणं, पालथं नाही. डोळ्यात काजळ नाही. भरलेली बादली आणि बाळ एका बाथरूममध्ये एकटे नाहीत, क्षणभरसुद्धा. दोन वर्षांपर्यंत मोबाईल-टीव्ही नाही. या शेवटच्या नियमाबद्दल एवढंच की, आजोबांची मालिका दिवसभर चालू ठेवून तो मावशींना सांगू नका.

काढून ठेवलेलं आईचं दूध खोलीत चार तासांपर्यंत, फ्रिजच्या आतल्या बाजूला 24 तास. बाटलीवर वेळ लिहा. उरलेलं दूध परत पाजायचं नाही.

धुरी देणं, कानात तेल घालणं यांबद्दल मावशींशी बोलावं लागेल. त्यांनी स्वतःची मुलं तशीच वाढवलेली असतात. 'असलं अडाणीपण नको' म्हणालात तर त्या गप्प बसतील आणि तुमच्या मागे करतील. 'डॉक्टरांनी नको सांगितलंय, धुराने छाती भरते' एवढं पुरतं. आणि लसीकरणाच्या वेळी एकदा त्यांना बरोबर न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की घरातला अर्धा वाद मिटतो, आजींचासुद्धा.

बाकीचं त्यांचं राज्य. कुठलं गाणं म्हणायचं, काऊ-चिऊ दाखवत भरवायचं की मांडीवर, फिरायला कधी न्यायचं, यात नाक खुपसू नका.

पायरी 6 : सकाळी पाच मिनिटं, संध्याकाळी पाच मिनिटं

सकाळी तुम्ही सांगायचं: रात्री झोप कशी झाली, शेवटचं दूध कधी, आज काय वेगळं आहे. संध्याकाळी त्यांनी: किती खाल्लं, किती वेळा शी-शू, किती झोपलं, काही पडझड. वही चालते, लिहिण्याची सवय नसेल तर व्हॉट्सॲपवर आवाजात निरोप. 'बाळ निजलं बगा आत्ता, वाटीभर मऊ भात खाल्ला' एवढा निरोप दुपारी आला की कुपवाडच्या कारखान्यात बसलेल्या आईचा जीव भांड्यात पडतो. पण दर अर्ध्या तासाला फोटो मागू नका. फोन सांभाळायचा की बाळ?

संध्याकाळी वेळेवर या. साडेसहाला येऊन 'ट्रॅफिक होतं हो' हे आठवड्यात तीनदा झालं की कागदावरचा 'सहा' शब्द मेला. उशीर होणार असेल तर पाचला फोन करा, आणि जास्तीच्या वेळेचे पैसे त्यांनी मागायच्या आत द्या.

पायरी 7 : चूक सांगायची कशी

त्याच दिवशी, एकट्यात, एकच चूक. सासूबाईंसमोर नाही, पाहुण्यांसमोर तर नाहीच. आधी 'काय झालं ते सांगा' म्हणा आणि पूर्ण ऐका. मग पुढच्या वेळी काय करायचं ते सांगा, शक्य असेल तर करून दाखवा. मागच्या महिन्यातलं उकरून काढू नका.

छोट्या चुका दोन-तीनदा सांगाव्या लागतील, तिथे धीर धरा. बाळावर हात उगारणं, बाळाला घरात एकटं सोडून बाहेर जाणं, झोपावं म्हणून काहीबाही पाजणं, यांना मात्र दुसरी संधी नाही. त्याच दिवशी हिशेब करा.

पायरी 8 : उचल, पगारवाढ, दिवाळी

उचल मागितली जाणारच. मुलाची फी, घराचे पत्रे, दवाखाना. सरसकट नाही म्हणू नका, आणि मोघम होही म्हणू नका. एका पगाराच्या आतली रक्कम द्या आणि फेड किती हप्त्यांत ते त्याच दिवशी दोघींच्या वहीत लिहा. उदाहरणार्थ 6,000 दिले तर दरमहा 1,000 कापायचे. पूर्ण पगार कापून घेतला की त्या महिन्यात त्या दुसरीकडे उसने मागतात, आणि मग तिकडचं काम धरतात. पहिली उचल फिटल्याशिवाय दुसरी नाही, हेही आधीच सांगून ठेवा.

पगारवाढ वर्षातून एकदा, ठरलेल्या महिन्यात, त्यांनी तोंड उघडायच्या आत. दिवाळीला एक पगार बोनस देण्याची रीत बऱ्याच घरांत आहे. तुमच्याकडे जे असेल ते आधी सांगा. साडी द्यायची तर बोनसच्या वर, बोनसऐवजी नाही.

पायरी 9 : पूर आणि आजारपण

सांगलीत जुलै-ऑगस्टचा विचार आधी करावा लागतो. आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा पातळी, 45 ला धोका पातळी. मावशी सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर अशा भागात राहत असतील तर पाणी चढायला लागल्यावर त्यांना स्वतःचं घर आवरायचं असतं. 40 फुटांची बातमी आली की तुम्हीच फोन करून 'दोन दिवस येऊ नका' सांगा आणि ते दिवस खाड्यात धरू नका. तुमच्या कामाची पर्यायी सोय, म्हणजे आई, बहीण किंवा शेजारची बाई, जूनमध्येच बोलून ठेवा.

दाराच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहून लावा: तुमचे दोघांचे नंबर, बाळाच्या डॉक्टरांचा नंबर, जवळच्या शेजाऱ्यांचा नंबर, रुग्णवाहिका 108, आणीबाणी 112. त्याखाली तुमच्या घराचा पत्ता, जवळच्या खुणेसकट. घाबरलेल्या माणसाला पत्ता आठवत नाही. रिक्षासाठी 500 रुपये एका ठरलेल्या डब्यात ठेवा आणि ते विचारायची गरज नाही असं सांगून ठेवा.

मावशींना ताप-सर्दी असेल तर त्यांनी घरी राहावं असं तुम्हाला वाटतं. मग ती रजा पगारी असली पाहिजे, नाहीतर त्या तापातच येतील.

पायरी 10 : काम थांबवताना

बाळ शाळेत जाऊ लागलं, बदली झाली, मावशींच्या सुनेचं बाळंतपण आलं, काही ना काही कारणाने हे काम एक दिवस संपतंच. महिनाभर आधी सांगा. कागदावर तेच ठरलं होतं. शेवटच्या दिवशी पगार, शिल्लक रजांचे पैसे आणि उचलीचा हिशेब वहीत दाखवून मिटवा. दोन ओळींचं पत्र द्या: कधीपासून कधीपर्यंत, किती वयाचं बाळ सांभाळलं, काम कसं होतं. पुढच्या घरून फोन आला तर त्यांना ते उपयोगी पडतं.

बाळालाही सांगा. दीड-दोन वर्षांच्या पोराला सगळं कळत नसलं तरी रोजचं माणूस एकाएकी दिसेनासं झालं हे त्याला कळतं. नवीन मावशी येणार असतील तर जुन्या मावशींना दोन-तीन दिवस जास्त थांबवून घ्या आणि बाळाच्या खोडी त्यांच्याकडूनच नवीन मावशींना कळू द्या. त्या दिवसांचा पगार दोघींनाही द्या.